राखीव वाटेची टिपणे

नेटवर्क सांभाळणाऱ्या एनएमएसच्या पडद्यावर दोन रेघा असतात, वर्किंग आणि तिच्यासाठी राखीव प्रोटेक्शन. दोन्ही हिरव्यागार. जमिनीत त्या कुठून गेल्यात ते मात्र रूट-मॅप काढल्याशिवाय कळत नाही. शहराबाहेर पडताना दोन्ही केबली एकाच पुलाच्या कठड्याला बांधलेल्या असतील, तर जेसीबीचा एक फटका पुरे. २००१ च्या जुलैत अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी पेटली आणि त्याच बोगद्यातून गेलेल्या अनेक कंपन्यांच्या फायबर एकदम जळाल्या. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन समुद्री केबली एकाच दिवशी गेल्या, इकडे भारतातले इंटरनेट रांगायला लागले. मालक वेगळे म्हणून वाट वेगळी असे धरून चालणारे अजून भेटतात. स्विचिंगचे टायमर नंतर भरा, आधी चेंबर बघून या.

*

टेंडरमध्ये वाट बदलायला ‘५० मिलिसेकंद’ सगळेच लिहितात. जी.८४१ या मानकातल्या या आकड्यात बिघाड ओळखण्याचा वेळ आणि होल्ड-ऑफ धरलेला नाही, हे फार कमी जण वाचतात. १०० गिगाबिटच्या चॅनेलवर तेवढ्या वेळात सव्वासहाशे मेगाबाइट डेटा वाहून जातो.

*

वेट-टू-रिस्टोर, म्हणजे दुरुस्तीनंतर मूळ वाटेवर परतण्याआधी थांबायची मुदत, पाच मिनिटे का? खड्ड्यात उतरून बघावे. स्प्लायसरने फायबर सोलली, अल्कोहोलने पुसली, क्लीव्ह केली, मशीनमध्ये ठेवली. ठिणगी पडली, पडद्यावर ०.०२ डीबी आले. इथे ‘झाले’ असे वाटते, पण नाही. स्लीव्ह तापवून फायबर ट्रेमध्ये गुंडाळायची असते. वळण जरा घट्ट झाले की पॉवर पडते, बोट काढले की परत येते. वरून टॉर्च धरणारा ‘झालं का’ म्हणून विचारत असतो. हा टायमर शून्य ठेवला, तर त्या बोटाबरोबर सगळा ट्रॅफिक इकडून तिकडे उड्या मारेल. आणि १+१ मध्ये दोन्ही वाटा सारख्याच चांगल्या असतील, तर परत यायचा आग्रह तरी कशाला? नॉन-रिव्हर्टिव्ह ठेवावे, एक धक्का वाचतो.

*

एमएस-स्प्रिंग रिंगमध्ये जास्तीत जास्त १६ नोड. कारण स्विचिंगचे निरोप नेणाऱ्या के१ बाइटमध्ये नोडच्या पत्त्यासाठी चारच बिट आहेत.

*

वीज पारेषणवाल्यांची गोष्ट निराळी. लाइन डिफरेन्शियल रिले दोन्ही टोकांचा करंट एकाच क्षणाचा म्हणून ताडून बघतो. जीपीएसची वेळ नसेल तेव्हा तो निरोपाचा जाऊन-येऊन वेळ मोजतो आणि निम्मा करतो, म्हणजे जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागतो असे धरून चालतो. आता एकाच दिशेची फायबर गेली, फक्त तीच दिशा प्रोटेक्शनवर वळली आणि ती वाट २४० किलोमीटरने जास्त लांब निघाली असे समजा. किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद, म्हणजे १.२ मिलिसेकंदांचा फरक. त्याच्या निम्मी, ०.६ मिलिसेकंदांची चूक रिलेच्या हिशेबात शिरते. ५० हर्ट्झला हे जवळजवळ ११ अंश झाले. लाइन ठणठणीत असूनही रिलेला दोन टोकांच्या करंटमध्ये फरक दिसतो, आणि सेटिंग नाजूक असेल तर ब्रेकर उडतो. टेलिकॉमवाला म्हणणार, आमचे स्विचिंग तर वेळेत झाले! म्हणून अशा सर्किटला दोन्ही दिशा एकदम वळवणारे बायडिरेक्शनल स्विचिंगच लावावे. दोन टोकांमधल्या एपीएस निरोपांची देवाणघेवाण वाढते, स्विचिंग किंचित हळू होते. होऊ द्या.

*

स्विचिंगच्या कमांडची उतरंड पाठ हवी. प्रोटेक्शन वापरूच न देणारा लॉकआउट सगळ्यात वर. फोर्स्ड स्विच वर्किंगच्या बिघाडालाही जुमानत नाही, मॅन्युअल मात्र बिघाड आला की बाजूला होतो. ठरवून केलेल्या कामाला मॅन्युअल पुरत असताना लोक सवयीने फोर्स्ड का देतात, हे कोडेच आहे. त्याहून वाईट म्हणजे काम संपल्यावर राहून गेलेला लॉकआउट. महिन्याभराने वर्किंग तुटते, प्रोटेक्शन धडधाकट असते, तरी सर्किट बंद. शिफ्ट बदलताना उभ्या असलेल्या कमांडची यादी हातात द्यावी, तोंडी नको.

*

‘एक्सरसाइज’ कमांडने दोन टोकांचा संवाद नीट आहे एवढेच कळते. ट्रॅफिक हलत नाही, त्यामुळे आतला स्विच खरोखर वळतो की नाही ते कळत नाही. त्यासाठी मेंटेनन्स विंडो घेऊन पॅचकॉर्ड काढावीच लागते: आधी एका टोकाची फक्त रिसीव्ह, मग दुसऱ्या टोकाची, मग दोन्ही. लावण्याआधी कनेक्टर पुसून.