परदेशी मालिका व आमचा नववीचा वर्ग

प्रस्तुत वार्षिकाच्या मराठी विभागाकरिता काहीतरी लिहून द्यावे, असा आग्रह संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी धरला, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे "विषय कोणता?" असे विचारले. आमची अपेक्षा अशी की, वाचनाचे महत्त्व, वेळेचा सदुपयोग, किंवा फार तर सातपुड्यातील एखादी सहल असा काही विषय पुढे येईल. परंतु मुलांनी एकमेकांकडे पाहिले व त्यांपैकी एक धीट विद्यार्थिनी म्हणाली, "सर, इंग्लंड-अमेरिकेच्या कोणत्या मालिका तुम्हाला आवडतात, ते लिहा." आम्ही क्षणभर चकित झालो. दूरचित्रवाणी फार पाहू नये, असा उपदेश ज्यांच्या मुखातून नित्य ऐकावयाचा, ते शिक्षक स्वतः घरी काय पाहतात, हे जाणण्याची जिज्ञासा मुलांस असल्यास त्यात नवल नाही. पालकवर्गासही ती असू शकेल. तेव्हा प्रांजळपणे लिहावे, असे आम्ही ठरविले. आणि प्रांजळपणेच लिहावयाचे, तर आमच्या हातून घडलेली एक चूकही लिहिणे प्राप्त आहे.

आमचे बालपण याच सोनाळ्यात गेले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले खरे. परंतु मुंबईत दिवा लागला म्हणून सोनाळ्यात लागलीच उजेड पडतो, असे नाही. आमच्या आळीत पहिला संच आला, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. कवेलूंच्या छपरावर बांबूस बांधलेली अँटेना, ती फिरविण्यास वर चढलेला एक मुलगा, आणि "आलं काय?" "अजून थोडं फिरव!" असा वरून खाली व खालून वर चाललेला संवाद, हे त्या काळचे नित्याचे दृश्य होते. पुढे १९९० नंतरच्या दशकात दर रविवारी सकाळी 'डक टेल्स' ही अमेरिकन चित्रमालिका हिंदीत दिसू लागली. आपल्या प्रचंड तिजोरीतील नाण्यांत पोहणारा अंकल स्क्रूज नावाचा कंजूष बदक हा आमचा अत्यंत आवडता. परंतु रविवारी सकाळीच आमच्या घरी चारसहा कुटुंबे उपासनेस जमत असत, आणि शेजारच्या ओसरीवरून आम्हास उठवून आणण्याचे काम वडिलांकडे येई. एकदा ते दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "त्या बदकाचे पोहून झाले असेल, तर आता दानाची थैली फिरवायला चला." सर्व ओसरी हसली व आम्हीही हसलो. पुढे महाविद्यालयात गेल्यावर कळले की, या बदकाचे नाव चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ सालच्या नाताळविषयक कथेतील कृपण सावकारावरून पडलेले आहे. ज्यास आम्ही केवळ बदक समजत होतो, त्याच्या मागे एवढी थोर कथा उभी होती, हे जाणून आम्हास आनंद झाला. व परदेशी मालिकांविषयी आमच्या मनात जो आदर उत्पन्न झाला, तो तेव्हापासून.

असो. आता आवडीनिवडीकडे वळू.

विनोदी मालिकांत विद्यार्थ्यांच्या परिचयाची पहिली म्हणजे 'मिस्टर बीन'. ती १९९० साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. नायक रोवन ॲटकिन्सन हे विद्युत अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ; परंतु पडद्यावर त्यांच्याइतका अडाणी मनुष्य शोधून सापडावयाचा नाही. पहिल्याच भागात बीनसाहेब गणिताच्या परीक्षेस बसतात. त्यांनी अभ्यास केलेला असतो त्रिकोणमितीचा आणि हाती येते ती प्रश्नपत्रिका कलनाची. मग शेजाऱ्याची उत्तरे पाहण्याचे जे नाना प्रयत्न ते करतात, ते सांगून आम्ही कोणास नवी युक्ती शिकवू इच्छीत नाही. शेवटी कळते की, पाकिटात दुसरीही प्रश्नपत्रिका होती व ती त्रिकोणमितीची होती! परीक्षेपूर्वी सूचना नीट वाचाव्यात, हे आम्ही दरवर्षी सांगतो. बीनसाहेबांनी ते एकही व्याख्यान न देता सांगितले. या मालिकेत संभाषण नाममात्र असल्याने आमच्या शेजारच्या आजीबाईही ती आमच्याइतक्याच आनंदाने पाहतात.

दुसरी मालिका थोरांकरिता. तिचे नाव 'येस मिनिस्टर'. १९८० ते १९८४ या काळात ती बीबीसीने दाखविली. मंत्री जिम हॅकर काही चांगले करावयास निघतात, आणि त्यांचे सचिव सर हम्फ्री अत्यंत आदराने व अत्यंत लांब वाक्यांनी त्यांना ते करू देत नाहीत. एका भागात एक नवे रुग्णालय आहे. तेथे पाचशेंवर कर्मचारी कामात गढलेले आहेत, सर्व काही सुरळीत आहे, फक्त रोगी एकही नाही. ज्यांनी एखाद्या दाखल्याकरिता कचेरीच्या चार खेपा घातल्या आहेत, अशा आमच्या पालकांस हा विनोद भाषांतरावाचून समजेल. २००१ साली 'जी मंत्रीजी' या नावाने ही मालिका हिंदीत आली व त्यात फारूक शेख यांनी मंत्र्याची भूमिका केली.

आता त्या चुकीविषयी. 'माइंड युवर लँग्वेज' ही इंग्रजी मालिका १९७७ ते १९७९ या काळात तयार झाली. लंडनमध्ये एक रात्रीचा वर्ग आहे. निरनिराळ्या देशांतून आलेले प्रौढ विद्यार्थी तेथे इंग्रजी शिकतात, व ब्राऊन नावाचे सहनशील तरुण शिक्षक त्यांना शिकवितात. फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी, शीख, पाकिस्तानी असे सर्व एका खोलीत! आम्ही स्वतः इंग्रजीचे शिक्षक. शिक्षकाचा नायक झालेला पाहून आम्हास ती मालिका प्रिय व्हावी, हे स्वाभाविक होते. तेव्हा काही वर्षांपूर्वी एका शनिवारी आम्ही नववीच्या वर्गास तिचे दोन भाग दाखविले. वर्ग पोट धरून हसला. प्रत्येक वाक्यास सहस्र क्षमा मागणारा शीख विद्यार्थी तर मुलांस फारच आवडला.

त्या वर्गात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून येणारा, घरी कोरकू बोलणारा एक विद्यार्थी होता. सोमवारी वाचनाची पाळी त्याची आली. बेट या अर्थाचा इंग्रजी शब्द, ज्यातील एक अक्षर मुके असते, तो त्याने अक्षरशः 'इसलँड' असा वाचला. मागील बाकावरून कोणीतरी मालिकेतील त्या शीख विद्यार्थ्याच्या सुरात ओरडले, "सहस्र क्षमा!" सर्व वर्ग हसला. आणि वाचकहो, सांगण्यास लाज वाटते, आम्हीही हसलो.

तो मुलगा खाली बसला. त्यानंतर त्याने इंग्रजीच्या तासास तोंड उघडले नाही. पाळी आली म्हणजे "सर, गळा बसला," असे म्हणे. पुढे पुढे इंग्रजीचा तास असलेल्या दिवशी त्याची जागाच रिकामी दिसू लागली. प्रथम आम्ही त्यास आळस मानले. घरी तसे बोलून दाखविले, तेव्हा आमच्या सौ.नी एवढेच विचारले, "तुम्हाला कोरकूत एक वाक्य बोलता येते काय?"

आम्हास येत नव्हते. जन्म सोनाळ्यात, वय चाळिशीच्या पुढे, सातपुडा रोज डोळ्यांसमोर. आणि त्या डोंगरातील भाषेचे एक वाक्य आम्हास येत नव्हते. मग आम्ही थोडा शोध घेतला. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातील भाषा नव्हे. ती संथाली व मुंडारी यांच्या मुंडा कुळातील आहे. म्हणजे आमचा तो विद्यार्थी घरी एका कुळाची भाषा बोलतो, गावात वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी, आणि त्यावर इंग्रजी शिकू पाहतो. ज्यास आम्ही हसलो, तो भाषांच्या संख्येत आमच्या पुढे होता! लंडनच्या त्या वर्गातही हेच आहे. तेथील प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतःची अशी एक भाषा उत्तम येते. परंतु मालिकेत ती कोणी मोजीत नाही. ही मालिका बंद झाली, ती त्या वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख मायकेल ग्रेड यांस परकीयांविषयीचा तिचा विनोद दुखावणारा वाटल्यामुळे, असे सांगतात. तरी न्यायाने बोलावयाचे तर ब्राऊन मास्तर दयाळू आहेत, आणि १९९३ साली तिच्यावरून हिंदीत केलेली 'ज़बान संभालके' ही मालिका आपल्याकडे पुष्कळांनी प्रेमाने पाहिली. दोष केवळ मालिकेचा नव्हता. ब्राऊन मास्तर विद्यार्थ्यांवर रागावतात, कपाळाला हात लावतात, परंतु त्यांची साथ सोडीत नाहीत. आम्ही सोडली होती.

यानंतर आम्हास 'स्टार ट्रेक' या जुन्या अमेरिकन मालिकेची आठवण झाली. १९६६ ते १९६९ या काळातील ही कथा अंतराळयानाची आहे. त्या यानावरही नाना वंशांची माणसे आहेत; पण तेथे कोणाच्या उच्चारावर यान चालत नाही. जपानी वंशाचे अधिकारी सुलू यांची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई दुसऱ्या महायुद्धात बालवयात कुटुंबासह अमेरिकेतील छावणीत बंदिस्त होते. दळणवळणाच्या अधिकारी उहुरा यांची भूमिका निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय नटीने केली. पहिल्या वर्षानंतर त्यांनी काम सोडण्याचे ठरविले असता मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून त्यांना थांबविले, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. त्यांचे म्हणणे असे की, आमच्या लोकांस प्रथमच तेथे मानाच्या स्थानावर बसलेले लोक पाहत आहेत. खुर्ची लहानशीच, परंतु तीवर कोण बसले आहे व त्याच्याकडे इतर कसे पाहतात, यावर पाहणाऱ्या लेकरांचे मन घडत असते.

मग आम्ही पुन्हा एकदा वर्गात पडदा लावला. यावेळी बीबीसीच्या १९७९ सालच्या 'लाइफ ऑन अर्थ' या तेरा भागांच्या मालिकेतील एक प्रसंग दाखविला. डेव्हिड ॲटनबरो रवांडाच्या डोंगरात गोरिलांच्या कळपाजवळ बसले आहेत. त्यांना खरे म्हणजे अंगठ्याच्या उपयोगाविषयी बोलावयाचे होते. परंतु गोरिला इतके जवळ आले की, ते योजिलेले भाषण बाजूस राहिले व ते केवळ कुजबुजत बोलू लागले. पडद्यावर एवढा मोठा पंडित आवाज खाली आणून बोलतो आहे, हे पाहून वर्गही शांत झाला.

चित्र संपल्यावर आम्ही विचारले, "आपल्या डोंगरात असे जवळून कोणी काही पाहिले आहे काय?" कोणी बोलेना. मग खिडकीजवळून हलक्या आवाजात उत्तर आले, "सर, मी सांगू काय? अस्वल."

तोच मुलगा. तो उभा राहिला व सांगू लागला. चैत्रात पहाटे तो आजीबरोबर मोहाची फुले वेचावयास जातो. अस्वलासही ती फुले प्रिय. म्हणून झाडाजवळ जाण्यापूर्वी आजी खोकते, काठी आपटते, म्हणजे अस्वल दचकून अंगावर न येता निघून जाते. "वारुळातल्या वाळव्या ओढते न सर, तवा त्याचा सूं सूं आवाज लय दूरवरून आयकू येते," असे म्हणून त्याने तो आवाज काढून दाखविला. आम्ही नंतर पुस्तक उघडून पाहिले. अस्वलाचे वरचे पुढील दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते, व तो आवाज पुष्कळ दूर जातो. मुलाने सांगितलेले अक्षर अन् अक्षर खरे होते. अंबाबरवा अभयारण्य आपल्या गावापासून किती जवळ आहे, हे आम्ही भूगोलात शिकवितो. त्या दिवशी ते आम्हास प्रथम ऐकू आले.

आम्ही त्यास विचारले, "अस्वलास कोरकूत काय म्हणतात?" त्याने शब्द सांगितला. आम्ही तो उच्चारला, चुकला. मागील बाकावरच्या मुलांनीही उच्चारला, त्यांचाही चुकला. मुलगा हसला नाही. त्याने तो शब्द पुन्हा, सावकाश, तोडून सांगितला, जसे आम्ही इंग्रजी शब्द सांगतो तसा. त्या दिवशी तास संपल्यावर आम्ही वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. ती सहस्र वेळा नव्हे, एकदाच, परंतु थट्टेवाचून. पुढच्या आठवड्यात वाचनाच्या पाळीस तो उभा राहिला. गळा बरा झाला होता. उच्चार अजून चुकत होते व ते आम्ही सुधारीत होतो. एवढेच तर आमचे काम.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आम्हास कोणत्या मालिका आवडतात, याचे उत्तर आता सोपे आहे. बीन स्वतःचीच फजिती करून घेतो, म्हणून तो आवडतो. 'येस मिनिस्टर' सत्ताधीशांस हसते, म्हणून तीही आवडते. 'स्टार ट्रेक' व 'लाइफ ऑन अर्थ' आपल्याहून निराळ्याकडे आदराने पाहावयास शिकवितात, म्हणून त्या विशेष प्रिय. 'माइंड युवर लँग्वेज' आम्ही आजही क्वचित पाहतो व हसतोही. मात्र वर्गात ती पुन्हा दाखविली नाही.

आणि पालक बंधुभगिनींनो, आपली मुले आता छपरावर चढून अँटेना फिरवीत नाहीत; साऱ्या जगाच्या मालिका त्यांच्या तळहातावरच्या मोबाईलवर येतात. त्या हिसकावून घेऊन फारसे साधेल, असे आम्हास वाटत नाही. आठवड्यातून एकदा त्यांच्या शेजारी बसून एक भाग आपणही पाहावा, आणि मुले हसू लागली की सहज विचारावे, "बाळा, आपण कोणास हसलो?" आमच्या सौ. हाच प्रश्न अजून आम्हास विचारीत असतात.