थांबायचं कधी, हे कळलं पाहिजे

बाळासाठी गायला गोड गळा लागत नाही. अंगणवाडी सेविका म्हणून घरभेटीला गेले की नवी आई हमखास म्हणते, "ताई, मला कुठे गाता येतं?" मी तिला सांगते, गाणं जमेल गं, थांबणं जमवायला हवं. बाळाच्या गाण्यातलं निम्मं कसब कधी आणि कसं थांबायचं, यातच आहे. झोपवताना थांबायचं ते बाळाला कळू न देता. खेळवताना थांबायचं ते बाळाला कळावं म्हणूनच. आणि बाळाला पुरे झालं की आपली हौस उरली असली तरी थांबायचं.

आमची दिघी श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या तोंडाशी. समोर आगरदांडा, पाण्यात जंजिरा, दिवसभर गाड्या-माणसं इकडून तिकडे नेणारी जंगल जेट्टी आणि एका अंगाला मोठ्या जहाजांचं बंदर. कोळीवाड्यात घराला घर लागून, त्यामुळे एक पोर रडलं की अख्ख्या आळीला ऐकू जातं. आई मासळी घेऊन बाजाराला गेली की बाळ आजीकडे, आत्याकडे, शेजारच्या काकीकडे फिरतं आणि प्रत्येकीचं गाणं निराळं असतं. लग्नात धवले म्हणणाऱ्या आज्या सूर लांबवत गातात. कोकणी मुसलमान घरातली दादी अल्लाचं नाव लयीत घेत थोपटते. शिकलेल्या सुना 'बाळा गाऊ कशी अंगाई' या १९७७ सालच्या चित्रपटातली, सुमन कल्याणपूर यांनी गायलेली अंगाई म्हणतात. यातलं कुठलंही चालतं. बाळाला निवड करायची नसते.

गाण्याआधी मात्र बाळाकडे नीट बघायचं. भूक आहे का, लंगोट ओला आहे का, ढेकर अडकलीय का, कोकणातल्या दमट हवेत मानेखाली घाम साचून अंग चुरचुरतंय का. रडणं म्हणजे बाळाचं बोलणं आहे. कारण न बघता त्यावर गाणं घातलं, तर आपण त्याचं बोलणं मध्येच तोडतो. बाळ दूध ओढत नसेल, अंग तापलं असेल, रडणं नेहमीपेक्षा वेगळं, किंचाळल्यासारखं येत असेल, तर गाणं बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठायचा. पोट भरलेलं, अंग कोरडं आणि तरीही जीव थाऱ्यावर नाही, अशा बाळासाठी गाणं आहे.

पुष्कळ जणींचं गाणं लागू पडत नाही, कारण त्या पहिल्याच ओळीपासून हळू आणि संथ गातात. तान्ह्या बाळाचं हृदय शांत असतानाही मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोके घेतं, रडताना त्याहून जास्त. आपलं चालतं सत्तर-ऐंशीच्या घरात. टिपेला पोहोचलेल्या बाळाला आपला संथ सूर ऐकूच येत नाही. म्हणून आधी त्याच्या गतीला जायचं. उचलून खांद्याशी धरायचं, उभं राहून चालायला लागायचं, आवाज जरा मोठा आणि ठेका जलद ठेवायचा. रडताना बाळ श्वास घ्यायला क्षणभर थांबतं, नेमका त्या फटीत सूर घालायचा. तो एकदा त्याच्या कानाने धरला, की दर फेरीला ठेका थोडा सैल करायचा. पाठीवरचा हातही गाण्याबरोबर संथ होतो. प्रत्येक मात्रेला पडणारी थाप मग एक मात्रा सोडून पडते आणि शेवटी हात नुसता टेकलेला राहतो. चालणं का, तर जपानमधल्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे मोजून दाखवलं: बाळाला घेऊन नुसतं बसण्यापेक्षा घेऊन चालायला लागलं की रडणं आणि हृदयाचे ठोके दोन्ही लवकर उतरतात. आमच्या आज्या अंगणात फेऱ्या मारत आल्या, त्या उगाच नाही.

सूर मोजकेच हवेत. तीन-चार सुरांत अख्खं गाणं बसतं. वरून सुरुवात करून प्रत्येक ओळ खाली षड्जावर आणून ठेवायची. पाळण्याचा झोका सहा मात्रांच्या दादऱ्यात आपोआप बसतो. तोंड मिटून गुणगुणलं तर आवाज छातीतून थेट बाळाच्या अंगात उतरतो. पोटात असताना शेवटचे तीन महिने त्याने आईचा आवाज ऐकलेला असतो. तो त्याच्या ओळखीचा, म्हणून त्याला तोच हवा असतो. मग गळा कसा आहे हा प्रश्न उरतोच कुठे?

शब्दांचं काय? हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १४४ बाळांना परक्या भाषांतली, कधी न ऐकलेली गाणी ऐकवली. त्यातल्या अंगाया लागल्या की बाळांच्या हृदयाचे ठोके जास्त उतरले. म्हणजे शब्द बाळासाठी नसतात, ते गाणारीसाठी असतात. आपल्याकडच्या बायकांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत लेकरू आहे, माहेर आहे, भाऊ आहे, कष्ट आहेत, कुणाला न सांगितलेलं दुःख आहे. पहाटे जात्याशी बसून बाई मन मोकळं करत होती आणि शेजारी निजलेल्या लेकराच्या कानावर तिचा आवाज पडत होता. म्हणून मी पोरींना सांगते, येणारं गाणं आठवत नसेल तर आजचा दिवस गा. बाबाची होडी कुठवर गेली, बोंबील किती मिळाले, मावशीचा फोन आला, आजीचा गुडघा दुखतो. चालीवर बसलं की झालं. बाळ निवतं, आणि सांगणारीही निवते.

आता पहिलं थांबणं. कोळीवाड्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली एक पोर मला म्हणाली, "ताई, हातावर मस्त निजतं, पण खाली ठेवलं की डोळे टक्क!" मी म्हटलं, माझ्यासमोर निजव. तिने छान निजवलं. डोळे मिटले तशी ती गाता गाता थांबली, चालता चालता थांबली आणि लगेच वाकून बाळ ठेवायला गेली. आवाज, हेलकावा आणि अंगाची ऊब, तिन्ही एकाच क्षणी सुटली. बाळ दचकणारच. मग आम्ही एकेक गोष्ट सोडत गेलो. आधी शब्द सोडले, गुणगुण ठेवली. मग चालणं सोडून ती बसली, पण गुणगुण आणि थोपटणं चालूच. मग गुणगुण बारीक होत होत श्वासाएवढी राहिली. बाळाची आवळलेली मूठ उघडली, उचललेला हात सैल खाली पडला, तेव्हा मी मान हलवली. ठेवताना तिने पुन्हा हलका सूर धरला. बाळ उताणं टेकलं, तरी तिचा तळवा त्याच्या छातीवर तसाच. मग बोटं एकेक करून उचलली. बाळ झोपलेलं राहिलं. तांडेल होडी धक्क्याला लावताना मशीन आधीच बंद करतो आणि उरलेल्या गतीवर ती अलगद टेकवतो, तसंच हे आहे. कुरोदांच्या गटाने २०२२ मध्ये याचाही हिशेब मांडला: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं चाला, झोप लागली की पाच ते आठ मिनिटं घेऊन बसा, आणि मग ठेवा. ती मधली बैठक बहुतेक घरांत राहून जाते, कारण आईच्या मागे कामं उभी असतात. मी सासूबाईंना आवर्जून सांगते, तेवढी मिनिटं तिला हाक मारू नका.

दुसरं थांबणं अगदी उलट. तीन-चार महिन्यांचं बाळ खेळवताना त्याला समोर उताणं निजवायचं, आपला चेहरा वीतभर-दीड वीत अंतरावर आणायचा आणि बोटांचं, पावलांचं, पोटावर मुंगी चढण्याचं कुठलंही गाणं धरायचं. गाणं रोज तेच हवं, कारण पुढे काय येणार हे ठाऊक असण्यातच गंमत आहे. शेवटच्या मात्रेच्या आधी थांबायचं. बाळ श्वास रोखतं. पाय झाडायचे थांबतात. नजर आपल्या ओठांवर खिळते. आता येणार, आता येणार... आणि गुदगुली आली की सगळं अंग हसतं. काही आठवड्यांनी त्या रिकाम्या जागेत बाळ स्वतःच आवाज काढतं. हे त्याचं पहिलं उत्तर असतं. आपण थांबलो नसतो तर त्याला जागा कुठून मिळाली असती? न थांबता, दम न घेता गाणाऱ्या हौशी माणसांना मी हेच दाखवते.

तिसरं थांबणं सगळ्यात अवघड, कारण तेव्हा आपल्याला मजा येत असते. बाळ मान फिरवतं, जांभई देतं, उचकी लागते, पाठ ताठ करतं, बोटं फाकवतं. याचा अर्थ पुरे. बारशाला, पाहुण्यांच्या गर्दीत, हातोहाती फिरताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही आणि रात्री बाळ किरकिरतं. मग मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात. ओवाळा, त्यात आजीची माया आहे. पण त्याआधी बाळाला अंधाऱ्या खोलीत न्या आणि गप्प बसा. गप्प बसणंही त्याला गाण्याइतकंच सुखाचं असतं.

मोबाईलवरच्या गाण्यांबद्दल माझं म्हणणं यातूनच येतं. मोबाईलला बाळ दिसत नाही. मूठ उघडली की गाणं बारीक करायचं, मान फिरवली की बंद करायचं, हे त्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंच आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आमच्या या किनाऱ्यावर आलं. छपरं गेली, माडापोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. चार्जिंग संपलं तशी मोबाईलवर निजणारी पोरं रात्रभर रडू लागली. तेव्हा म्हाताऱ्या बायका पुढे झाल्या. भिंत पडलेल्या घरात, ताडपत्रीखाली बसून त्यांनी पोरं निजवली आणि सुनांनी त्यांच्याकडून चाली उचलल्या. त्यातल्या काही सुना आज आपल्या जावांना शिकवतात.

पुरुषांनाही हे जमतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी. मी त्या दोन महिन्यांत मुद्दाम बापांना गाठते. मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय असलेला एक नाखवा म्हणाला, "ताई, माझा आवाज ऐकून पोर घाबरेल." मी विचारलं, जाळं ओढताना काय म्हणता? ती हाळी त्याने खालच्या आवाजात, अर्ध्या गतीने धरली आणि पोर छातीशी घेऊन पडवीत फिरू लागला. ओढायला वेळ, सोडायला वेळ, हाळीची घडणच तशी. भरदार आवाज छातीत घुमतो, तो बाळाला कानाआधी अंगाला लागतो. पोराने बापाच्या सदऱ्यात बोटं अडकवली आणि डोळे जड केले.

संध्याकाळचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. तेवढ्या काळात असा एखादा दिवस येतोच, की कुठलंच गाणं लागू पडत नाही आणि आईचा स्वतःचाच जीव रडकुंडीला येतो. तिला मी सांगते, बाळाला उताणं, सुरक्षित जागी ठेव, चार पावलं लांब जा, पाणी पी, दुसऱ्या कुणाला हाक मार. हेही थांबणंच आहे आणि त्यात कमीपणा नाही. फक्त हाक मारायला दुसरं कुणीतरी तयार असलं पाहिजे. म्हणून घरभेटीत वजन, लस, दूध सगळं विचारून झालं की मी आणखी एक विचारते: या घरात बाळासाठी किती जणांना गाता येतं? ज्या घरात निदान तिघांना येतं, त्या घरात आईला रात्रीची झोप मिळते.