उंदराचे विष आणि कापशीचे पोट

निपाणीहून चिकोडीकडे किंवा बेळगावहून येळ्ळूरकडे जाताना शिवारावर नजर ठेवायची मला सवय आहे. त्या पाहण्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. शिकारी पक्ष्यांची किंमत आपण त्यांनी पळवलेल्या कोंबडीच्या पिल्लांवरून करतो, ती त्यांनी खाल्लेल्या उंदरांवरून करायला हवी. तशी केली, तर बांधाबांधावर सरसकट उंदराचे विष टाकणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. पुरावा विजेच्या तारेवरच बसलेला असतो. राखाडी पाठीची, पांढऱ्या पोटाची, खांद्यावर काळा डाग आणि लालभडक डोळे असलेली कापशी तिथे शेपटी सारखी वरखाली करत खाली पाहत असते. मग उडून हवेत एकाच जागी पंख मारत थांबते, पाय खाली सोडते आणि टप्प्याटप्प्याने उतरत गवतात झेपावते. टोळ, सरडेही ती खाते, पण तिचा मुख्य आहार उंदीरच. उंदीर वाढले की ती कोणत्याही ऋतूत घरटे करते. दिवस मावळला की हेच काम गव्हाणी घुबड हाती घेते. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो, त्यामुळे नुसत्या खुसफुशीवरून अंधारात त्याला उंदराची जागा कळते. जुन्या वाड्याच्या माळ्यावर त्याच्या बसायच्या जागेखाली काळपट गोळे पडलेले असतात. ते फोडले की केसांच्या गुंत्यात उंदरांच्या अख्ख्या कवट्या आणि पिवळट-नारिंगी पटाशीचे दात मिळतात. उंदीर तो बहुधा सगळाच गिळतो आणि न पचलेले टाकून देतो, म्हणून त्याच्या खाण्याचा इतका चोख हिशेब आपल्याला वाचता येतो.

यावर पहिला आक्षेप परसातून येतो: घार पिल्ले उचलते. उचलते, हे खरेच. पण पिल्लांवर झडप घालतात ते मुख्यतः घार आणि शिक्रा. कापशी आणि घुबडाचा त्या नुकसानीशी जवळजवळ संबंध नसतो, आणि पिल्ले तर जाळीखाली राखता येतात. घुबडाला अशुभ ठरवणाऱ्यांना मी त्या कवट्याच दाखवीन. दुसरा आक्षेप वजनदार आहे. वेदगंगा-दूधगंगेच्या काठचा ऊस छातीवर आला की आतली जमीन वरून दिसत नाही, मग तिथे पक्षी काय करणार? दाट फडात पक्ष्यांचा इलाज चालत नाही, हे मला मान्य आहे. पण लावणीनंतरचे कोवळे रान, तोडणीनंतरचा उघडा खोडवा, बांध, पाणंद, भुईमूग-सोयाबीन, येळ्ळूरच्या बाजूची भाताची खाचरे ही सारी त्यांची रानेच आहेत. तोडणी झाल्यावर आसरा गेलेले उंदीर सैरभैर होतात, तेव्हा तर पक्ष्यांची चंगळ असते. उंदीर समूळ संपवणे हे त्यांचे काम नव्हेच. उंदरांची वाढ आवाक्यात ठेवायला ते हातभार लावतात.

तिसरा आक्षेप पैशाचा: विष स्वस्त आणि लगेच लागू पडणारे. इथे विषातला फरक पाहायला हवा. झिंक फॉस्फाइड पोटात वायू तयार करून उंदराला लवकर मारते. ब्रोमॅडायोलोन रक्त गोठू देत नाही, त्यामुळे उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तोवर सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. नेमका तोच कापशीला आणि घुबडाला सहज सापडतो, आणि असे उंदीर खाऊन विष त्यांच्या यकृतात साठत जाते. इकडे उंदराच्या मादीला तीनेक आठवड्यांत पिल्ले होतात; घुबडाला अंडी उबवायलाच महिना लागतो, पिल्ले उडायला आणखी दोन. म्हणजे विषानंतर उंदीर आधी परततात आणि त्यांना खाणारा मात्र उरत नाही. ही भीती अवास्तव नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे पांढऱ्या पाठीची गिधाडे 1992 ते 2007 या काळात भारतात 99 टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांसाठीच्या त्या औषधावर 2006 साली बंदी आली, तरी गिधाडांची संख्या पूर्ववत झालेली नाही. गिधाडाला कोणी विष घातले नव्हते. ते त्याच्या अन्नात होते.

म्हणून माझे म्हणणे विष कायमचे बंद करा असे नाही. आधी बिळे बुजवावीत, दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तेवढ्यांतच आमिष आत सारावे, मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत. उघड्या रानात पक्षीथांबे रोवावेत, बांधावरचे ढोलीचे जुने झाड सरपणासाठी पाडू नये. इस्राएलमध्ये घुबडांसाठी पेट्या बसवून उंदीर आटोक्यात ठेवण्याचे काम 1980च्या दशकापासून शेतकऱ्यांसोबत चालू आहे. निपाणी-बेळगावच्या ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांनी आणि सोसायट्यांनी एका गटातल्या सगळ्या शेतकऱ्यांना घेऊन एका हंगामात हे करून पाहावे. एकट्याने करून भागणार नाही, कारण शेजारच्या बांधावरचा विषारी उंदीरही तीच कापशी खाते.