तिसरी ओळ

आमच्या मराठी विभागाच्या सर्व्हरवर एक लहानशी धारिका आहे. तिचे नाव 'ऑथराइज्ड कीज', म्हणजे ज्यांना आत येण्याची मुभा आहे त्यांच्या किल्ल्यांची यादी. २०२४ च्या मार्चपर्यंत तिच्यात तीन ओळी होत्या. पहिली माझ्या घरच्या डेस्कटॉपची, दुसरी माझ्या लॅपटॉपची आणि तिसरी सरांची. सर २०२३ च्या पावसाळ्यात गेले. ओळ तशीच राहिली.

मराठीच्या प्राध्यापिकेने सर्व्हर, किल्ल्या यांच्याविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मलाही वाटत असे. एम. ए. ला असताना माझा संगणकाशी संबंध सायबर कॅफेतल्या तासाच्या हिशेबापुरता होता. पण विभागात सर आणि मी मिळून वऱ्हाडी बोलीचा एक शब्दसंग्रह करत होतो. त्याच्या नोंदी साडेचार हजारांच्या घरात गेल्या होत्या. विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन केलेली ध्वनिमुद्रणे वेगळीच. हे सगळे विभागातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर होते. २०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालय बंद झाले, तेव्हा माझ्याकडच्या पेनड्राइव्हवर जानेवारीतली प्रत होती. पुढे पावसाळा आला. आमच्या खोलीचे छत कुठे गळते हे मला पाठ होते आणि डेस्कटॉप नेमका कुठे ठेवला आहे हेही. त्या काळातल्या रात्री आठवल्या की अजूनही पोटात खड्डा पडतो. अकरा वर्षांचे काम सहा किलोमीटरवर होते आणि मधे एक कुलूप, एक पोलीस चौकी आणि एक छत होते.

कुलूप उघडल्यावर पहिले काम म्हणून मी पुण्यात संगणकक्षेत्रात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, डेस्कटॉपवर लिनक्स आहेच. एसएसएच बसवून घ्या. घरून थेट आत जाता येईल." मी विचारले, ते काय असते? तो म्हणाला, "सुरक्षित शेल." शेल म्हणजे शंख, कवच. ज्या काळ्या खिडकीत आज्ञा टंकायच्या तिलाही शेल म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

ही व्यवस्था कशातून निघाली, ती हकीकत मला मागाहून समजली. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी कान लावून बसले होते. त्या काळी दूरच्या संगणकात शिरायला टेलनेट नावाची सोय वापरत. तिच्यात परवलीचा शब्द जसाच्या तसा, उघड्या पोस्टकार्डासारखा तारेतून जाई. वाटेत बसलेल्याने तो नुसता वाचायचा. तिथल्या टाटू यूलोनेन या संशोधकाने यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिले आणि त्याच वर्षी ते सर्वांना फुकट वापरायला दिले. टेलनेटचे दार तेविसावे, फाइली पाठवण्याचे एकविसावे. यूलोनेनने मधले बाविसावे मागून घेतले. आपल्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजात माणूस वाकून जाईल एवढा दिंडी दरवाजा असतो, तसे मला हे बाविसावे दार वाटते. पुढे मूळ कार्यक्रमाच्या वापरावर परवान्याचे निर्बंध येत गेले, तेव्हा १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुनी मुक्त आवृत्ती घेऊन ओपनएसएसएच तयार केले. आज बहुतेक ठिकाणी तेच असते. विंडोज १० मध्येही २०१८ पासून त्याचा ग्राहक-भाग आयता येतो, त्यामुळे सरांच्या लॅपटॉपवर वेगळे काही घालावे लागले नाही.

बसवणे एका ओळीचे काम. अडचण पुढे होती. महाविद्यालयातल्या यंत्रांना बाहेरून दिसेल असा पत्ता नसतो. ती सगळी एकाच राउटरच्या आड असतात. तेव्हा बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि विभागातल्या डेस्कटॉपनेच आतून त्याच्याशी बोगदा खणून ठेवायचा, असे ठरले. मी घरून सर्व्हरवर जायचे आणि त्या बोगद्यातून उलटे विभागात उतरायचे. रीतसर अर्ज केला. परवानगीला तीन आठवडे लागले. अर्जातला 'बोगदा' हा शब्द मी शेवटी 'जोडणी' असा बदलला, त्यानंतर तो हलला. आमच्याकडे वीज वारंवार जाते, म्हणून वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे आणि बोगदाही त्याने पुन्हा स्वतःच खणावा, एवढी सोय करून घेतली.

सरांनी मला अडवले ते भलत्याच ठिकाणी. पहिल्यांदा जोडणी करताना पडद्यावर एक प्रश्न येतो: समोरच्या यंत्राची ओळख पटवता येत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, पुढे जायचे का? सगळे जग इथे 'येस' टंकून मोकळे होते. मीही होणार होते. सर फोनवर म्हणाले, "थांबा. ठसा दिला आहे तर तो ताडून पाहायला दिला असेल ना?" ते त्या वेळी विभागात डेस्कटॉपसमोर होते. त्यांनी तिथला ठसा काढला आणि आम्ही त्रेचाळीस अक्षरे एकेक करून वाचली. "मोठा के. छोटा क्यू. सात. तिरकी रेघ." शून्य की ओ, यावर एकदा गाडी अडली. सरांनी सारी हयात पाठचिकित्सेत घालवलेली. दोन पोथ्या शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर मिळवणे त्यांच्या हाडात होते. ठसा जुळला. मग ते म्हणाले, "आता म्हणा हो."

नंतर ते म्हणाले होते, अशोकवनात सीतेपुढे हाच पेच आहे. समोर आलेला वानर रामाचा दूत की रूप पालटलेला रावण? मारुती मुद्रिका देतो, सीता चूडामणी देते. दोन्ही बाजूंनी खूण पटते. मला हे तेव्हा फार आवडले. पण पुढे किल्ल्यांचे खरे काम समजले तशी ही उपमा पुरेशी नाही असे वाटू लागले. मुद्रिका चोरता येते. शाकुंतलातल्यासारखी ती हरवतेही आणि कोळ्याला सापडते. अंगठी हातातून हातात द्यावी लागते. परवलीचा शब्दही समोरच्याला सांगावा लागतो. एसएसएचच्या किल्लीची गंमत अशी की ती कधीच कुणाला द्यावी लागत नाही.

किल्ल्या दोन असतात, जोडीने जन्मलेल्या. एक खाजगी, ती आपल्या यंत्रावरून हलत नाही. दुसरी सार्वजनिक, ती सर्व्हरला देऊन ठेवायची. 'सार्वजनिक किल्ली' हा शब्दप्रयोग मराठीत फसवा आहे; ऐकणाऱ्याला वाटते, ही सगळ्यांकडे असली तर दार सगळ्यांनाच उघडेल. मी काही दिवस विद्यार्थ्यांना ती किल्ली नव्हे, कुलूप आहे, असे समजावत होते. तेही पूर्ण खरे नाही. बँकेत आपण नमुन्याची सही देऊन ठेवतो, हे अधिक जवळचे आहे. सर्व्हर आपल्यापुढे दर वेळी नवा मजकूर ठेवतो, आपण त्यावर खाजगी किल्लीने सही करतो, तो नमुन्यावरून ती पारखतो. फरक इतकाच की बँकेतला नमुना पाहून कुणी सही गिरवू शकेल, इथला नमुना कितीही पाहिला तरी सही करता येत नाही. खाजगी किल्लीलाही वरून एक परवलीचे वाक्य घालून ठेवता येते, म्हणजे यंत्र चोरीला गेले तरी किल्ली लगेच चालत नाही. सरांनी त्यांचे वाक्य निवडायला दोन दिवस घेतले. ते काय होते, ते मी विचारले नाही.

भाड्याचा सर्व्हर सुरू झाला त्याच संध्याकाळी मी त्याची नोंदवही उघडली. शेकडो अपयशी प्रयत्न. जगाच्या पाठीवरची कुठली कुठली यंत्रे बाविसावे दार ठोठावून नावे घेत होती: रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, पुन्हा रूट. हे आपल्याविरुद्धचे कारस्थान नसते. रस्त्यावरच्या प्रत्येक दाराची कडी हलवत जाणारा हा भुरट्यांचा कारखाना असतो. त्या यादीत एकही मराठी नाव नव्हते, याचे मला उगाच समाधान वाटले. उपाय ठरलेला: रूटला प्रवेश नाही, आणि परवलीच्या शब्दाने कुणालाच प्रवेश नाही, फक्त किल्ली.

हा शेवटचा बदल मी विभागातल्या डेस्कटॉपवरही केला आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतले. विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रणे टाकता यावीत म्हणून मी पूर्वी आमच्या मूळ फोल्डरवर 'सर्वांना सर्व हक्क' अशी परवानगी देऊन ठेवली होती. एसएसएच याबाबत कर्मठ आहे. जिथे कुणीही लिहू शकतो, तिथल्या किल्ल्यांच्या यादीवर ते विश्वासच ठेवत नाही. 'परवानगी नाही' एवढेच पडद्यावर. उन्हाळ्याची सुट्टी, दुपारी दोन, अंगाची लाही होत होती. स्कूटर काढून गेले, शिपाईदादांना झोपेतून उठवले. त्यांनी विचारले, "काय राहिलं मॅडम?" मी म्हटले, किल्ली. ते हातातला जुडगा दाखवून म्हणाले, "किल्ली तर माझ्याजवळ आहे." तेव्हापासून एक शिस्त पाळते: दाराच्या नियमात बदल करायचा तर एक खिडकी आत उघडी ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून आत जाता येते का ते पाहायचे आणि मगच पहिली मिटायची. सेवा नव्याने सुरू केली तरी आधीची जोडणी तुटत नाही.

सरांना या सगळ्यातली एक गोष्ट विशेष भावली होती. डेबियन नावाच्या लिनक्स-वितरणात २००६ साली एका सांभाळकर्त्याने किल्ल्या घडवणाऱ्या संहितेतल्या ओळी वगळल्या, कारण तपासणीचे एक साधन त्यांच्यावर बोट ठेवत होते. त्या ओळींतूनच यदृच्छेचा पुरवठा होत होता. दोन वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही. २००८ च्या मेमध्ये उघडकीस आले की तिथे घडलेल्या किल्ल्या प्रत्येक प्रकारात आणि लांबीत जेमतेम बत्तीस हजारांच्या घरातल्याच होत्या. म्हणजे बसून सगळ्या लावून पाहता येतील इतक्या. सर मोठ्याने हसले. "हा आपला लेखनिक! अर्थ लागला नाही की ओळ शुद्ध करणारा." नंतर आमच्या संग्रहात एखाद्या विद्यार्थ्याने बोलीतला शब्द 'सुधारून' आणला की ते म्हणत, "डेबियन झालं."

२०२४ च्या मार्चअखेरीची बातमी मात्र त्यांना सांगता आली नाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की एसएसएचच्या प्रवेशाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. तो खोलात गेला तेव्हा एक्सझेड नावाच्या, दाबून साठवण्याच्या साध्या साधनात दडवलेला चोरदरवाजा सापडला. ज्याने तो घातला त्याने दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे काम करत इतरांचा विश्वास कमावला होता. आमच्या सर्व्हरवर ती आवृत्ती नव्हती. तरी त्या रात्री मी सगळे तपासून पाहिले आणि किल्ल्यांच्या यादीपाशी आले.

तिसरी ओळ. एवढी मोठी निरर्थक अक्षरमाला आणि शेवटी सरांच्या नावाची आद्याक्षरे, लॅपटॉपचे नाव.

नियम साधा आहे: जो येणार नाही त्याची किल्ली ठेवायची नाही. मला तो माहीत होता. मी तरी दहा महिने ती ओळ ओलांडून जात होते. वर्गात मी निवृत्तांची, परलोकवासींची नावे मतदारयादीतून का काढत नाहीत यावर तावातावाने बोलते. असो. दुसऱ्या दिवशी काकूंना फोन केला, सरांचा लॅपटॉप कुठे आहे ते विचारले. म्हणाल्या, "पुतण्याच्या मुलाला दिला गं, अभ्यासाला. पडून काय करायचा? का, काही हवं होतं त्यातलं?" मी नाही म्हटले. मुलगा बारावीचा, गुणी. त्याला त्या फोल्डरमध्ये काय आहे ते ठाऊकही नसणार, आणि असले तरी सरांचे ते वाक्य कुणाजवळ नाही. पण यावर विसंबणे म्हणजे कुलपाऐवजी शेजाऱ्याच्या सज्जनपणावर घर सोडणे.

ओळीच्या आधी एक खूण घातली की ती ओळ निष्प्रभ होते, पुसली जात नाही. मी आधी तसेच केले. पाच मिनिटे पडद्याकडे पाहत बसले. मग सर असते तर त्यांनी हा गबाळेपणा चालवून घेतला नसता असे वाटले आणि ओळ पुसली. दुसरी खिडकी उघडून आत जाता येते का पाहिले. आले.

सरांनी शेवटची हात घातलेली नोंद 'काऊन' या शब्दाची आहे. का, कशासाठी, या अर्थी. तिथे त्यांचा शेरा आहे: 'काहून' हाही पाठ ऐकला, मूळ कोणते? ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे. ते मुद्रण अकोट तालुक्यातल्या एका आजींचे आहे. मी ते त्या रात्री घरून, बोगद्यातून उतरवून घेतले आणि तीनदा ऐकले. आजी एका वाक्यात 'काहून' म्हणतात, पुढच्याच वाक्यात 'काऊन'.