नव्या नेकची जुनी गिटार

स्वस्तातल्या अकूस्टिक गिटारचा नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, निकामी झाला, की ‘आता नवीनच घ्या’ हा सल्ला तयार असतो. नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्रेटवर, तारांनी चऱ्या पाडलेल्या असतात, नेक पुढे वाकलेला किंवा पिळलेला असतो, वाक सुधारणारी आतली ट्रस रॉड दाद देत नाही. तार दाबताना बोटे दुखतात आणि दाबली तरी सूर खरखरतो. सल्ला देणाऱ्याचा हिशेब असा, की दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीजवळ गेला म्हणजे वाद्य संपले. हा हिशेब मला अपुरा वाटतो. वाद्याची किंमत एकदाच, विकत घेताना ठरते. त्याची योग्यता मात्र ते रोज किती वाजते यावर ठरते. खोड, म्हणजे गिटारचे मुख्य अंग, शाबूत असेल, तर स्वस्त गिटारलाही नवा नेक बसवावा, मग त्याचा खर्च गिटारच्या बाजारभावापेक्षा थोडा अधिक झाला तरी चालेल, असे माझे म्हणणे आहे.

गिटारचे सगळे अवयव सारखे झिजत नाहीत, ही या म्हणण्यामागची पहिली गोष्ट. सुरात लावलेल्या सहा पोलादी तारा मिळून नेकवर आणि खोडावर तारा टेकतात त्या ब्रिजवर सुमारे ७० किलोचा ताण देतात आणि गिटार कोपऱ्यात उभी असली तरी तो ताण सुटत नाही. त्यात फ्रेट बहुधा जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या. पोलादापुढे हा धातू मऊ, म्हणून चऱ्या पडतात त्या फ्रेटवर. सर्वांत खोल चऱ्या बहुधा पहिल्या तीन फ्रेटवर सापडतात, कारण शिकणाऱ्याचे सुरुवातीचे कॉर्ड तिथेच बसतात. ही झीज म्हणजे कुणीतरी मनापासून शिकल्याचा पुरावा आहे. ज्या वाद्याने आपले काम इतके चोख केले, ते नेमके त्याच कारणासाठी भंगारात जावे, हे न्यायाचे वाटत नाही.

झिजणारा भाग सुटा असावा, हा विचार गिटारच्या इतिहासात एका दुरुस्तीवाल्याने नेटाने मांडला. लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० मध्ये त्यांनी बाजारात आणलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा नेक खोडाला चार स्क्रूंनी जोडलेला होता. फ्रेट झिजल्या तर नेक काढावा, दुसरा लावावा, वादक पुन्हा कामाला लागावा, असा त्यामागचा विचार. वादक ज्या नेकला वाद्याचा आत्मा म्हणेल, त्याकडे फेंडर बदलता येणारा भाग म्हणून पाहू शकले, आणि वाद्य कमी लेखण्यासाठी नव्हे, ते वाजते ठेवण्यासाठी त्यांनी तसे पाहिले. १९६० च्या दशकात त्यांच्या कंपनीने अकूस्टिक गिटारलाही असेच नेक लावले. १९७० च्या दशकात जपानमधल्या मात्सुमोतो येथे बनलेल्या एपिफोनच्या एफटी मालिकेतल्या परवडणाऱ्या गिटारमध्येही हीच रचना दिसते. जाणकारांनी तिला बराच काळ हलके मानले. आज नेक खराब झाला असता स्क्रूड्रायव्हर हाती घेऊन वाचवता येते ती याच रचनेची गिटार.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. सतारीचे पडदे दांडीला धाग्याने बांधलेले असतात. ते सरकवता येतात, सोडता येतात, पुन्हा बांधता येतात. तारांनी घासून घोडीची जवारी, म्हणजे तारा टेकतात तो पृष्ठभाग, बिघडली, की ती पुन्हा काढून घेतात. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून सतार-तंबोऱ्याचे कारागीर घडले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे वाद्य बनवणे आणि वाद्य दुरुस्त करणे हा एकाच हाताचा व्यवसाय आहे. यावर कुणी म्हणेल, की ती हातांनी घडवलेली मोलाची वाद्ये. कारखान्यातल्या प्लायवूडच्या गिटारला तो मान कशाला? पण हवेतला ओलावा वाढला-घटला तर अखंड लाकडाच्या पातळ फळीपेक्षा प्लायवूड तडकण्याचा धोका कमी असतो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात हा गुण किरकोळ नाही. शिवाय ज्या मुलाकडे एकच गिटार आहे, त्याच्यासाठी ती मैफलीतल्या तंबोऱ्याइतकीच मोलाची असते.

दुसरा आक्षेप आवाजाचा. नेक बदलला की गिटार तीच राहते का? नेकच्या लाकडाचा आवाजाशी काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. पण अकूस्टिक गिटारचा आवाज प्रामुख्याने घडतो तो ब्रिजखाली थरथरणाऱ्या फळीत आणि खोडाच्या पोकळीतल्या हवेत, आणि त्या दोन्ही जागच्या जागी राहतात. स्क्रू-बोल्टच्या जोडाने आवाज मारला जातो ही समजूतही टिकत नाही. टेलर या अमेरिकी कंपनीच्या अत्यंत महागड्या गिटारचे नेकही बोल्टनेच बसवलेले असतात.

मात्र या कामाला गणित लागते आणि ते चुकवून चालत नाही. नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून, १२ व्या फ्रेटपर्यंतचे अंतर आणि तिथून ब्रिजपर्यंतचे अंतर जवळपास सारखे असावे लागते. गिटारच्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरून ब्रिज चिकटवला असेल, तर नव्या नेकवर पहिले अंतर ३२४ हवे. ६२८ मिलिमीटरसाठी बनलेल्या नेकवर ते ३१४ असते. तो बसेल, शोभेल आणि प्रत्येक फ्रेटवर बेसूर बोलेल. कोनाचेही तसेच: नेकच्या बुडाशी घातलेली कागदाइतकी पातळ पट्टी ब्रिजपाशी तारांची उंची स्वतःच्या जाडीच्या कितीतरी पटींनी बदलते. म्हणून फ्रेटवर सरळ पट्टी ठेवून तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला कुठे भिडते ते आधी पाहावे. फक्त फ्रेट झिजल्या असतील, तर फ्रेट बदलून भागते. नेक सरसाने चिकटवलेला असेल, तर वाफ देऊन जोड सोडवावा लागतो आणि ते सरावलेल्या कारागिराचे काम आहे. ब्रिज उखडत असेल, फळी आत बसली असेल, तर खोडच थकले आहे. तिथे नव्या नेकचा हट्ट धरू नये. या मर्यादा माझ्या म्हणण्याला छेद देत नाहीत, ते कुठवर लागू होते एवढेच सांगतात.

शेवटचा मुद्दा लाकडाचा. अनेक गिटारच्या फ्रेटबोर्डला लागणारी शिसवी आपल्याच सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या जंगलांत वाढते. २०१७ पासून शिसवीसह तिच्या वंशातल्या सर्व झाडांच्या लाकडाचा जागतिक व्यापार साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. सूट मिळाली म्हणून झाड लवकर वाढत नाही. एका नेकला लागणारे लाकूड अख्ख्या गिटारपेक्षा कमी असते, इतके तरी आपण लक्षात ठेवावे. तेव्हा घरातली जुनी गिटार टाकण्यापूर्वी तिच्या नेकचे बूड पाहा, स्क्रू आहेत का ते बघा, ब्रिजवर हात फिरवा, आणि दुकानात जाण्याआधी एखाद्या दुरुस्तीवाल्याला गाठा.