बांधावरच्या उंदराची भीती

पत्र पावले. बांधावरचे गवत जाळले, विहिरीवर रात्रभर हॅलोजन लावला, तरी उंदीर खुशाल हिंडतात, ‘त्यांना भीती म्हणून नाहीच’, हे वाक्य प्राणिशास्त्र शिकलेल्या चिरंजीवांच्या हातून उतरावे, याचे पत्रलेखकास नवल कमी आणि वाईट अधिक वाटले.

उंदराची भीती नुसती पाहून कळत नाही, ती मोजावी लागते. जोएल ब्राउन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये मांडलेली रीत अशी की, थाळीतल्या वाळूत दाणे मोजून मिसळावेत आणि उंदराने किती सोडून दिले हे सकाळी मोजावे. दाणे विरळ होतात तसा शोध महाग पडू लागतो, आणि जिथे जिवाची धास्ती जास्त तिथे थाळी लवकर सुटून दाणे अधिक उरतात. बर्ट कोटलर आणि ब्राउन यांनी इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात जर्बिल या वाळूत राहणाऱ्या उंदरांवर हेच करून पाहिले. घुबडाचे भय वाढले, की जर्बिल उघडी वाळू टाकून झुडपाखाली सरकतात; पण तिथे साप दबा धरून असतो, म्हणजे एका शत्रूला चुकवावे तर दुसरा तयार.

उत्तर अमेरिकेतल्या कांगारू उंदराची मदार कानावर आहे. त्याच्या मध्यकर्णाची, म्हणजे पडद्यामागची, हाडाची पोकळी इतकी फुगलेली असते की तिच्यापुढे मेंदूची जागा लहान ठरावी. त्यामुळे घुबडाच्या झेपेचा आणि सापाच्या हल्ल्याचा खालच्या पट्टीतला आवाज टिपून तो ऐनवेळी उडी मारतो. ही पोकळी कमी केलेले उंदीर शत्रूच्या तावडीत सापडतात, हे डग्लस वेबस्टर यांनी १९६२ मध्ये दाखवले. दाट गवतात राहणारा उंदीर मात्र आडोसा न सोडता ठरलेल्या वाटांनी धावतो. सारांश, जितके अधिवास तितक्या सावधपणाच्या तऱ्हा, आणि बांधावरचा आडोसा जाळणाऱ्याने उंदीर कमी केले नसून त्यांना उभ्या ज्वारीत ढकलले आहे, असे पत्रलेखकाचे ठाम मत आहे.

खरी काळजी निराळीच आहे. पत्राच्या शेवटी, जणू सहज, ब्रोमाडायोलोनच्या वड्या टाकल्याचे लिहिले आहे. हे विष रक्त गोठू देत नाही, पण उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस हिंडतो, सुस्तावतो, सावधपणा गमावतो आणि नेमका त्याच अवस्थेत गव्हाणी घुबडाच्या तोंडी लागतो, त्याच्यासोबत विषही घुबडाच्या पोटात जाते. विहिरीच्या कपारीतली जोडी चिरंजीवांच्या आजोबांनी कोणाला हुसकू दिली नव्हती, हे आठवत असेलच.

तरी उरलेल्या वड्या उद्याच वेचून पोरांच्या व कुत्र्यांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, मेलेले उंदीर खोल पुरावेत, आणि कपारीत घुबडे अजून आहेत की नाहीत ते उलट टपाली कळवावे.