सागाची चौकट, वेताची बैठक

वैशाखात ज्या शहराचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, त्या शहरात माणसाने कशावर बसावे हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी घराच्या रचनेचे निम्मे शास्त्र त्यात सामावलेले आहे, असे माझे मत आहे. विलायती धाटणीच्या, कापूस ठासून भरलेल्या, जाड मखमलीच्या कोचावर नागपूरच्या दुपारी जो घटकाभर बसला असेल, त्याला ह्या मताचे समर्थन करून सांगण्याची गरज पडणार नाही. आमच्या घरातील एका वेताच्या खुर्चीने हे शास्त्र मला लहानपणापासून शिकवले. त्या खुर्चीच्या पिढीतील सामानाला आता जगभर ‘मिडसेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात, आणि धनिकांच्या दिवाणखान्यांची चित्रे छापणाऱ्या गुळगुळीत मासिकांतून तिच्या जातीच्या खुर्च्या मानाने मिरवतात, तेव्हा तिचा जन्म कोणत्या गरजांतून झाला हे लिहून ठेवावे असे वाटते.

खुर्ची ही मुळात आमच्या घरची वस्तू नव्हे. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांत बैठक असे ती जाजमाची, गादीची, लोड-तक्क्यांची. ओसरीवर बंगई, म्हणजे झोपाळा, असे, आणि तिच्यावर बसणारा मनुष्यही मांडी घालूनच बसे. खुर्ची आली ती कचेरीतून. 1861 साली मध्यप्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. त्यानंतर सिव्हिल लाइन्समध्ये बंगले उठले, दप्तरे थाटली गेली, आणि साहेब, शिरस्तेदार, नाझर, कारकून अशा उतरंडीप्रमाणे खुर्च्यांचीही उतरंड ठरली. कोणाच्या खुर्चीला हात असावेत, कोणाच्या पाठीला किती उंची असावी, ह्यावरून माणसाचा हुद्दा ओळखता येई. त्या खुर्च्या ताठ होत्या. त्यांच्यावर पाय खाली सोडून, पाठ सरळ ठेवून, समोरच्याच्या हुकमाची वाट पाहत बसायचे, एवढाच त्यांचा उपयोग होता. घरी आलेला कारकून कोट काढून जमिनीवर मांडी घालून बसे, तेव्हाच त्याची नोकरी त्या दिवसापुरती संपत असे.

आमच्या वडिलांनी आपली खुर्ची 1957 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका सरकारी कचेरीच्या लिलावात घेतली. तो काळ नागपूरला फार जड गेला. आदल्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला हलली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राजधानी म्हणून नांदलेल्या ह्या शहरातील नोकरवर्ग दोन दिशांना पांगला. कित्येकांच्या बदलीचे हुकूम भोपाळचे निघाले, कित्येकांची मुंबईकडे रवानगी झाली. घरोघर सामान बांधले जात होते. जे नेणे परवडत नव्हते ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिले जात होते. आणि कचेऱ्यांच्या आवारांत, जडसंग्रहाच्या नोंदवहीतून कमी केलेली मेजे, कपाटे आणि खुर्च्या उन्हात रांगेने मांडून त्यांचा पुकारा होत होता. वडील सचिवालयात होते आणि मुंबईच्या यादीत त्यांचे नाव लागले होते. जाण्यापूर्वी त्यांनी घरी एक वस्तू आणून ठेवली, ती ही. तिच्या मागच्या पट्टीच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रंगाने घातलेला क्रमांक अजून पुसट दिसतो.

ही खुर्ची मात्र ताठ खुर्च्यांच्या कुळातील नव्हती. अभ्यागतांच्या दालनासाठी पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी ती घडवली गेली असावी, असे लकडगंजातील एका वृद्ध मिस्त्रींनी तिच्या सांध्यांवर बोट फिरवून सांगितले होते. तिच्यावर नक्षीकाम नाही, वेलबुट्टी नाही, पायांना वाघाचे पंजे नाहीत. पाय वरून जाड आणि खाली निमुळते होत गेलेले, किंचित बाहेर कललेले. हातांच्या पट्ट्या रुंद, पेला ठेवता येईल इतक्या. पाठ मागे झुकलेली, आणि बैठक जमिनीपासून इतकी जवळ व रुंदीला इतकी मोकळी, की आमच्या आजोबांसारखा आयुष्यभर खुर्चीशी फटकून राहिलेला मनुष्यही तिच्यावर पाय वर घेऊन सुखाने मांडी घालीत असे. कचेरीची खुर्ची आणि वाड्याची बैठक ह्यांच्यातील शंभर वर्षांचा दुरावा त्या सागाच्या चौकटीत मिटला, असे मला आज वाटते. आणि ज्या अज्ञात कारागिराने तिची उंची ठरवली, त्याच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता दाटून येते.

त्याच वर्षांत जगात इतरत्र काय चालले होते हे मी पुष्कळ उशिरा वाचले. डेन्मार्कमध्ये हान्स वेग्नर 1949 साली सागाची आणि वेताची अशीच निरलंकार खुर्ची घडवीत होता, ज्या देशात सागाचे झाड उगवत नाही आणि वेताची वेलही नाही. अमेरिकेत चार्ल्स व रे ईम्स हे दांपत्य प्लायवूडला उष्णता आणि दाब देऊन वाकवीत होते. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते येथे आले, आणि 1958 मध्ये सादर केलेल्या आपल्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचा गौरव केला; त्या अहवालातूनच पुढे 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. चंदीगडला वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे 1951 पासून नव्या राजधानीच्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेत ह्यांचीच खुर्ची आखीत होता; ऊर्मिला युली चौधरी ह्यांच्यासारखे भारतीय वास्तुशिल्पी त्याच्या जोडीला होते, आणि प्रत्यक्ष घडवणारे हात तेथल्या सुतारांचे होते. युद्धाने थकलेल्या युरोपला आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आपल्या देशाला एकाच वेळी एकच गोष्ट हवी होती: थोड्या लाकडात, थोड्या पैशांत, पुष्कळांसाठी नेटके सामान.

परंतु आम्हां नागपूरकरांना हे सामान परके वाटण्याचे कारणच नव्हते. साग आमचा होता. आलापल्लीच्या जंगलातील, बल्लारशाच्या आगारातून येणारा हा साग व्यापारात अजूनही ‘सी.पी. टीक’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्यप्रांताचा साग) म्हणून ओळखला जातो. प्रांताचे नाव नकाशावरून गेले, ते लाकडाने जपले. ह्या कोरड्या मुलखात झाड सावकाश वाढते, त्यामुळे त्याच्या रेषा दाट आणि रंग गहिरा असतो. अंगच्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मे महिन्यात हवा हाडे वाळवते आणि ऑगस्टमध्ये भिंती घामेजतात, अशा ठिकाणी लाकूड फुगते आणि आकसते. म्हणून येथल्या मिस्त्रींनी खिळ्यांवर विसंबून न राहता एका तुकड्याला खाच पाडून दुसऱ्याचे टोक तीत बसवले आणि वरून सागाचीच मेख ठोकली. इतकी वर्षे लोटली, तरी आमच्या खुर्चीचा एकही सांधा हललेला नाही.

हलतो, सैलावतो, तुटतो तो वेत. आणि ह्या खुर्चीचे खरे चरित्र वेतातच आहे. बैठकीच्या चौकटीला चारी बाजूंनी छिद्रे पाडलेली असतात. वेताच्या सालीच्या पट्ट्या पाण्यात भिजत घालून, मऊ झाल्यावर, त्या छिद्रांतून आधी उभ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या आणि शेवटी दोन्ही दिशांनी तिरप्या ओढायच्या. अशा सहा फेऱ्या झाल्या की अष्टकोनी डोळ्यांची ती परिचित जाळी उमटते, आणि वाळताना स्वतःच ताणली जाऊन मृदंगाच्या पुडीसारखी ताठ होते. ह्या जाळीतून वारा खालूनही लागतो आणि पाठीमागूनही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेल्या अंधाऱ्या खोलीत, पुढे कूलरच्या ओलसर झोतात, तिच्यासारखी जागा घरात दुसरी नव्हती. वेतालाही तो ओलावा मानवतो. अगदीच कोरड पडली की तो तडकतो, म्हणून चैत्र लागला की आई खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओल्या फडक्याने जाळी पुसून घेई.

आमच्याकडे खुर्ची विणायला येणारे गृहस्थ दृष्टिहीन होते. आपल्या देशातील अंधशाळांतून खुर्च्या विणण्याचे शिक्षण दीर्घकाळ दिले गेले, आणि कित्येक कचेऱ्यांच्या खुर्च्या अशाच हातांनी पुनःपुन्हा सजीव केल्या. ते व्हरांड्यात बसत, प्रथम सगळी छिद्रे बोटांनी चाचपून मनात मोजत, मधले छिद्र ठरवीत आणि तेथे लाकडी खुंटी मारीत. त्यानंतर दिवसभर त्यांची बोटे चुकत नसत. भिजलेल्या पट्टीची गुळगुळीत बाजू वर आहे की नाही हे ते अंगठ्याने पाहत, कुठे ताण कमी पडला तर जाळीवर टिचकी मारून आवाजावरून ओळखत. डोळसांच्या घरातील सर्वांत देखणी वस्तू ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांनी राखली, ह्या गोष्टीचे मला लहानपणी आश्चर्य वाटे. आता आदर वाटतो.

मधल्या काळात ह्या खुर्चीचे दिवस फिरले. सत्तरी-ऐंशीच्या दशकांत रेक्झिनचे सोफे आले, फोम आला, सनमायका आले, आणि ‘जुनाट’ ठरलेली ती मागच्या अंगणात गेली. वडील निवृत्त होऊन मुंबईहून परतले तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला आत आणवले, वेत नवा घालून घेतला, लाखेचे पॉलिश दिले, आणि अखेरपर्यंत वर्तमानपत्र तिच्यावरच वाचले.

चंदीगडच्या खुर्च्यांचे भाग्य निराळे निघाले. निकामी ठरवून त्या ढिगांनी लिलावात काढल्या गेल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी मातीमोलाने उचलल्या, आणि पॅरिस-लंडन-न्यूयॉर्कच्या विक्रीदालनांत त्यांना लक्षावधी रुपये मोजले जाऊ लागले. पाठीवर रंगवलेला कचेरीचा क्रमांक हाच तेथे अस्सलपणाचा दाखला मानला जातो. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्या सामानाच्या विक्रीस आणि निर्यातीस बंदी केली, तोवर पुष्कळ काही गेले होते.

आज धरमपेठ, रामदासपेठेतले बंगले पाडून इमले उठत आहेत, आणि प्रत्येक बंगल्याबरोबर एक-दोन अशा खुर्च्या कबाडीच्या हातगाडीवर चढतात; त्याच घरातील मुले नव्या सदनिकेत त्याच घाटाची नक्कल भारी किमतीला विकत घेतात. त्या नकलेत वेताची जाळी यंत्रावर विणलेली, चौकटीच्या खोबणीत गोंदाने चिकटवलेली असते. ती फाटली की पूर्ण तुकडा बदलावा लागतो. एखादी तुटलेली पट्टी काढून तिच्या जागी नवी घालण्याची सोय तीत नाही. घाट उतरवता आला, दुरुस्तीची वाट उतरवलेली नाही, आणि माझ्या दृष्टीने हे न्यून मोठे आहे.

म्हणून दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. येथील जुन्या कचेऱ्या, विश्रामगृहे आणि महाविद्यालये ह्यांच्या अडगळीच्या खोल्यांत त्या काळचे जे सामान उरले असेल, ते निर्लेखनाच्या यादीत घालण्यापूर्वी कोणा जाणत्याकडून त्याची एकदा छायाचित्रांसह नोंद करून घ्यावी. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर अशी एखादी खुर्ची पडली असेल, त्यांनी ती विकण्याआधी उलटी करून पाहावी: बैठकीच्या कडेने छिद्रांची रांग असेल, तर ती हाताने पुन्हा विणता येते. विणणारे नागपुरात अजून आहेत, पण फार थोडे आहेत. त्यांना ह्याच उन्हाळ्यात घरी बोलवा.